थोडा बहिरा माईक

भाचीची लेक पुण्यात. तिला झोपताना गोष्ट हवी, तीही माझ्या आवाजातली. फोनवर रेकॉर्ड करून दोन गोष्टी पाठवल्या, तर पोरीने विचारलं, "मामाआजोबा, तुमच्याकडे सारखा पंखा का चालू असतो?"

पंखा नव्हता, समुद्र होता. गुहागरातलं आमचं घर रस्त्याला लागून. मागे माड-पोफळीची वाडी, वाडी संपली की पुळण. गाज काय, घरातलीच.

मग चांगला माईक घ्यायचं ठरलं. "कंडेन्सरच घ्या, बारीकसारीक सगळं टिपतो," असं जो तो म्हणाला. घेतला. आणि त्याने शब्द पाळला. शेजारी अंगणात सुपारी उलथत होते, ते टिपलं. वाडीतला पंप, भिंतीवरची पाल, कुणाचंच सोडलं नाही. राजपुत्र घोड्यावरून निघाला तेव्हा आई स्वयंपाकघरात नारळ खवत होती. ऐकताना घोडा खवणीवर बसल्यासारखा वाटत होता.

दोष माईकचा नाही. त्याच्यातला पडदा इतका पातळ की हवेच्या झुळकीनेही हलावा. असले माईक स्टुडिओतल्या शांततेसाठी. मोठ्या जातीच्यांना तर ४८ व्होल्टही त्याच वायरीतून पुरवावे लागतात. आमच्याकडे शांतता म्हणजे लाइट गेल्यावर फ्रीज बंद पडतो, तेवढीच. त्यात जुलै आला. आमच्याकडे पापड सादळतात, काडेपेटी सादळते, तसा माईकही सादळला. या जातीचं काम पडद्यावरच्या विजेच्या भारावर चालतं. दमट हवेत तो भार झिरपतो आणि कढईत मोहरी टाकल्यासारखी चुरचुर सुरू होते. तेव्हापासून तो घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांच्या सोबतीने राहतो.

गणपतीनंतर वाडीतल्या भजनी मंडळाचा माईक मागून आणला. जाळीला पोचा, दांड्यावर बुक्का. हा डायनॅमिक. पडद्याला तांब्याच्या तारेचं वेटोळं, भोवती लोहचुंबक. बोललं की वेटोळं हलतं आणि वीज आपली आपण तयार होते. थोडक्यात, उलटा चालवलेला लाउडस्पीकर. या घडणीतला सगळ्यांत ओळखीचा, श्युअरचा एसएम५८, १९६६ पासून बाजारात आहे. पडला, भिजला, तरी सहसा कुरकुर करत नाही.

त्याचा स्वभाव थेट आमच्या आप्पांसारखा. आप्पा नव्वदीला आले. ओटीवरून हाका मारा, ढिम्म. कानाशी जाऊन बोला, मग सगळं कळतं. या माईकशीही चार बोटांवरून बोलायचं. अंतर निम्मं केलं की आपला आवाज सहा डेसिबलने चढतो. समुद्र मात्र होता तिथेच राहतो. सगळी किमया एवढीच. जवळून बोललं की आवाजाला खर्जही येतो. त्यामुळे राक्षस मी जाळीला ओठ लावून करतो आणि राजकन्येच्या वेळी वीतभर मागे सरतो.

जवळ जाण्याची एक किंमत असते. तोंडासमोर तळहात धरून "फणसाची भाजी" म्हणून बघा. फ आणि भ हातावर फुंकर मारतात. तीच फुंकर माईकवर बसली की रेकॉर्डिंगमध्ये ढब्ब होतं. आपल्या भाषेत ख, घ, फ, भ काही थोडे नाहीत. उपाय फुकटचा: माईक ओठांच्या कोपऱ्याशी तिरका धरायचा, म्हणजे फुंकर बाजूने निघून जाते.

जागा शोधायला मात्र महिना गेला. माजघरात चिऱ्याच्या गिलावा केलेल्या भिंती, खाली फरशी. शब्द विहिरीत पडल्यासारखा घुमतो. शेवटी सापडली बाळंतिणीची खोली. अंधारी, एवढ्याशा झरोक्याची, आप्पांचा जन्म तिथलाच. आता तिथे गाद्यांची चळत आणि दांडीवर गोधड्या असतात, त्या आवाज पिऊन टाकतात. माईकला पाठीमागचं सर्वांत कमी ऐकू येतं, म्हणून त्याची पाठ झरोक्याकडे, म्हणजे समुद्राकडे. आपोआपच माझं तोंड समुद्राकडे.

तो भजनी माईक परत करून तसलाच एक, पण यूएसबी वायरीचा, विकत घेतला. लॅपटॉपला जोडला की झालं, मधे दुसरी पेटी लागत नाही. पहिलीच गोष्ट स्वच्छ उतरली. कौतुकाने आप्पांच्या कानावर हेडफोन चढवला, आवाज पार वर नेला आणि घाईत भलतीच फाइल लावली. मागची, कंडेन्सरवरची, खवणीवरच्या घोड्याची. बंद करायला गेलो, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले.

मग एक कान मोकळा करून म्हणाले, "भरती आहे वाटतं."