आमची वाटचाल : भोसरीतील एका स्टोअरपासून पुढे

भोसरी एमआयडीसीतील एका मशिन शॉपच्या, म्हणजे धातूचे भाग यंत्रावर कापून मापात आणणाऱ्या कारखान्याच्या, स्टोअरमध्ये आम्ही दोघे भागीदार सलग तीन दिवस बसून होतो, आणि कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आमच्या फर्मला तेथूनच दिशा मिळाली, असे मी मानतो. त्या शॉपने आधी एक मोठी ईआरपी प्रणाली, म्हणजे खरेदी, साठा, हिशेब असा सारा कारभार एकत्र सांभाळणारे तयार सॉफ्टवेअर, घेतली होती. तिच्यात सारे काही सेटिंगने बदलता येत असे. पण फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगची, म्हणजे धातू ओतून घडवलेल्या भागाची, एक नोंद करायला स्टोअरकीपरला पाच स्क्रीन उघडाव्या लागत, म्हणून ते दिवसभर वहीत लिहीत आणि संध्याकाळी संगणकावर उतरवून घेत.

खरी अडचण रिजेक्शनची, म्हणजे नापास झालेल्या नगांची होती. कास्टिंगमधला ब्लोहोल, म्हणजे आत राहिलेली हवेची पोकळी, बहुधा मशिनिंग झाल्यावरच दिसतो. दोष कास्टिंगचा असेल तर तोवर झालेल्या ऑपरेशनचे पैसे शॉपला काम देणाऱ्याकडे मागता येतात. माप शॉपकडून चुकले असेल तर उलट कास्टिंगची किंमत बिलातून कापली जाते. हा भेद त्या प्रणालीत बसवणे अशक्य नव्हते, परंतु त्यासाठी दर वेळी सल्लागाराला बोलवावे लागे आणि त्याने केलेली सेटिंग्ज मागाहून कोणालाच उलगडत नसत. आम्ही एकाच स्क्रीनवर चलन क्रमांक, नग आणि रिजेक्शन कास्टिंगचे की मशिनिंगचे, एवढेच ठेवले. हिशेब मात्र टॅलीतच राहू दिले, कारण तयार सॉफ्टवेअर जे काम चोख करते ते नव्याने लिहिण्यात ग्राहकाचा पैसा वाया जातो.

आमची एक चूकही येथे नोंदवली पाहिजे. जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्याकडे काम करून घेण्यासाठी पाठवलेला, माल परत येण्याची उत्पादन शुल्काच्या काळातील १८० दिवसांची मुदत आम्ही थेट कोडमध्ये लिहिली होती. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, कच्च्या मालासाठी ती मुदत एक वर्ष आणि भांडवली वस्तूंसाठी तीन वर्षे झाली, आणि प्रत्येक ग्राहकाकडे जाऊन आम्हाला कोड बदलावा लागला. तेव्हापासून कायद्याने ठरणारी मुदत आणि कराचे दर आम्ही सेटिंगमध्ये ठेवतो. शॉपच्या कामाची रीत तेवढी कोडमध्ये लिहितो.

अनेक राज्यांत कारखाने असलेल्या चाकणच्या एका उद्योजकांना आम्ही तयार प्रणालीच घ्यायला सांगितले, कारण तो पसारा आमच्या सहा जणांना पेलणारा नव्हता. जी कामे घेतो, त्यांच्या करारात सोर्स कोड आणि डेटाबेसची रचना ग्राहकाच्या ताब्यात देण्याचे कलम असतेच. उद्या आमची फर्म नसली, तरी त्यांच्या स्टोअरमध्ये सकाळची पहिली नोंद झाली पाहिजे.