काकूंची मोतिया साडी

इंदूरला रामबागेत माझं साडी पॉलिश आणि फॉल-पिकोचं काम आहे. गेल्या लग्नसराईत एक काकू सासूबाईंच्या ट्रंकेतली साडी घेऊन आल्या. मोतिया रंग, जांभळे काठ, आणि मधोमध पिवळे पडलेले डाग. काठ काढून ठेवायचे आणि मधल्या कापडाची नातवाला बारशासाठी कुंची शिवायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

"सासूबाई महेश्वरी म्हणायच्या. पण हाताला सुती लागते गं. सुती असेल तर ब्लीचमध्ये भिजवते, डाग निघून जातील. तू तेवढं सांग."

कापड कोणतं हे विचारायला माझ्याकडे बरेच जण येतात. मेणबत्ती, चिमटा, स्टीलची ताटली आणि शेजारी पाण्याची वाटी, एवढ्यावर बरंच कळतं. एकटा धागा क्षणात जळून जातो, म्हणून पाच-सहा धागे पिळून घ्यायचे. पॉलिएस्टर ज्योतीजवळ नेताच आकसतं, वितळतं आणि थंड झालं की कडक मणी उरतो. रेशीम सावकाश जळतं, केस जळाल्याचा वास येतो, आणि उरलेली काळी गोळी चिमटीत चुरडते. सूत कागदासारखं पेटतं आणि मऊ राखाडी राख राहते.

पदराच्या टोकाची शिलाई उसवून मी धागे काढले. पटकन पेटले, वास कागदाचा, राख मऊ. तरी कागदाचा वास आला म्हणजे सूतच, असं धरून चालत नाही. व्हिस्कोसही तसंच जळतं, कारण तेही झाडाचंच, लाकडाच्या लगद्याचं. आमच्याकडच्या नागद्याला त्याचा कारखाना १९५४ पासून आहे, त्यामुळे माळव्यातल्या जुन्या ट्रंकांत व्हिस्कोस निघालं तर मला नवल वाटत नाही. म्हणून दुसरा धागा ओला करून ओढून पाहिला. व्हिस्कोस ओलं झालं की निम्मा जोर गमावतं, सूत उलट घट्ट होतं. हा तुटता तुटेना.

"सुती आहे, काकू."

"मग आज रात्रीच टाकते ब्लीचमध्ये."

मी मान डोलावली. काकू साडी घडी करू लागल्या. घडी उलटताना ट्यूबलाइटखाली कापड एका बाजूनं चमकलं, दुसऱ्या बाजूनं नाही. माझ्या पोटात गोळाच आला.

पदराच्या कापलेल्या टोकाशी सहज हाताला लागतो तो आडवा धागा, बाणा. मी फक्त तोच जाळला होता. ताणा, म्हणजे उभा धागा, पाहिलाच नव्हता. आणि महेश्वरीत तर ताणा रेशमाचा, बाणा सुताचा असा मेळ नेहमीचाच. सासूबाईंनी नाव सांगून ठेवलं होतं आणि मी ते कानाआड केलं होतं.

"थांबा काकू. चुकले मी."

दाटून बसलेले उभे धागे सुईनं एकेक मोकळे केले. जाळले. दुकानभर केस जळाल्याचा वास.

काकूंना तेवढ्यानं पटलं नसतं, आणि मलाही स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. दोन काचेच्या वाट्यांत क्लोरीनचं ब्लीच घेतलं. एकीत बाणा सोडला, दुसरीत ताणा. पंखा लावला, दार उघडं ठेवलं. अर्ध्या तासानं पहिल्या वाटीत धागा तसाच पडलेला होता. दुसरीत सुईनं ढवळून पाहिलं, सुईला काहीच लागलं नाही. रेशीम विरघळून गेलं होतं.

काकू बराच वेळ त्या वाटीकडे बघत राहिल्या. "म्हणजे सकाळी बादलीत नुसते आडवे धागे उरले असते."

"हो. आणि ते मी सांगितल्यावरून."

त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

साडी आम्ही रिठ्याच्या गार पाण्यात, न पिळता, दोनदा धुतली आणि सावलीत वाळवली. डाग फिके झाले, गेले नाहीत. कुंची बेतताना काकूंनी ते तुकडे अस्तराला घेतले.