कॉलेजात विवेक गट काढायचाय? आधी आवक नंबर घ्या (माझा अनुभव)

कॉलेजात विवेक वाहिनीसारखा, म्हणजे अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारा पोरापोरींचा गट सुरू करायचा म्हणलं की सगळे घाबरवतात, देवाधर्माचा विषय आहे, भांडणं होतील, पोरं अंगावर येतील. आमच्याकडं कुणी अंगावर आलं नाही. आमचा अर्ज ऑफिसात मेला, आणि तो राग माझ्या डोक्यातनं अजून गेला नाही म्हणून लिहायलेय.

कॉलेज लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याचं, नाव घेत नाही. पोरं जमवायला काहीच लागलं नाही, बीएस्सीची पोरंपोरी लगेच तयार झाली, बीएचे पण आले. अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) शाखेतले एक रिटायर्ड गुरुजी एसटीनं आले, अर्जाचा नमुना दिला, चहाचे पैसे पण आम्हाला देऊ दिले नाहीत. त्यांनीच सांगितलं की अर्जात संस्थेचं नाव नीट लिहा, कारण दाभोलकर सरांनी 1989 मध्ये काढलेली महाराष्ट्र अंनिस वेगळी आणि श्याम मानव सरांची अखिल भारतीय समिती वेगळी, ऑफिसवाले एकाचं पत्र दुसऱ्याच्या नावानं फाइलला लावतात आणि मग बसा निस्तरत.

मार्गदर्शक प्राध्यापक मिळवताना थोडं जड गेलं. ज्यांना मनापासून पटतं ते सगळे तासिका तत्त्वावरचे, "मी आहे तुमच्या मागं, पण नाव नका टाकू" म्हणणारे. त्यांना नाव ठेवू नका, पुढच्या वर्षी तास मिळतील का नाही याचीच त्यांना खात्री नसते. परमनंट माणूस शोधा. आम्हाला फिजिक्सचे सर मिळाले, रिटायरमेंट जवळ आलेली, त्यांनी अर्ज न वाचताच सही ठोकली.

आता ऑफिस. पहिल्यांदा अर्ज दिला तेव्हा क्लार्कनं घेतला, ठेवून जा म्हणाले, आम्ही ठेवून आलो. नंतर विचारलं तर साहेब मीटिंगला, मग साहेब रजेवर, मग परीक्षा चालू, मग "कुठला अर्ज?" शिपाई मामांनी बिचाऱ्यांनी सगळे गठ्ठे उपसून बघितले, नाही सापडला. म्हणून सांगते, कुठलाही अर्ज दोन प्रतीत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच नसेल तर तुमचा अर्ज जन्मालाच आला नाही असं समजतात.

दुसरा अर्ज पोच घेऊन दिला तर तो ओएस साहेबांकडं, म्हणजे ऑफिस सुपरिंटेंडेंटकडं गेला. ओएस माळकरी, माणूस वाईट नाही. म्हणाले, "कशाला करायलाव गं बाई हे, उद्या कुणाच्या भावना दुखल्या तर?" आणि मागितलं काय, तर बाँडवर हमीपत्र, सगळ्या सभासदांच्या पालकांच्या सह्या घेऊन, की धार्मिक भावना दुखावणार नाही. मी विचारलं, गणपती बसतो त्या मंडळाकडनं बाँड घेता का? ते माझ्याकडं बघतच राहिले. तरी गेले तहसीलसमोर, बाँड घेतला, टाइप करून घेतला. पालकांच्या सह्यांनाच खरी मेख होती, निम्म्या पोरींच्या घरी कशाचा गट आहे हे सांगायचीच सोय नव्हती.

तेव्हा रात्री मोबाइलवर शोधत बसले की दुसरीकडं पोरं हे कसं करतात. अमेरिकेत सेक्युलर स्टुडंट अलायन्स म्हणून संस्था आहे, 2000 सालापासूनची, धर्म न मानणाऱ्या विद्यार्थ्यांचे गट उभे करायला मदत करते. तिथं शाळांसाठी 1984 चा एक कायदा आहे, सरकारी पैसा घेणाऱ्या हायस्कूलनं अभ्यासाबाहेरच्या एका गटाला जागा दिली तर दुसऱ्याला विषय आवडत नाही म्हणून नाही म्हणता येत नाही. गंमत म्हणजे तो कायदा बायबलवाल्या गटांसाठी जोर लावून आणलेला, आणि आता त्याच्यावरच नास्तिक पोरं पण वर्ग मागतात. वाचून लई जळले मी.

आपल्याकडं असला कायदा हाताशी नाही, पण दोन कागद कामाला येतात. एक संविधानाचं कलम 51 अ, 1976 च्या दुरुस्तीनं आलेली मूलभूत कर्तव्यं, त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्यच म्हणून लिहिलंय. दुसरा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा. त्याचं झेरॉक्स काढून यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन याला हा कायदा लागू नाही म्हणून जे लिहिलंय तिथं पिवळा हायलायटर मारून मी ओएसच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून बोट ठेवून वाचलं, परत वाचलं, म्हणाले "हे कुणी सांगितलंच नाही आम्हाला." तिथनं आवाज मऊ झाला. सही मात्र नाहीच, "नॅक झाल्यावर बघू." नॅक म्हणजे कॉलेज तपासून ग्रेड देतात ते.

आणि नॅकनंच काम केलं! आयक्यूएसीच्या, म्हणजे नॅकची तयारी बघणाऱ्या कॉलेजातल्याच समितीच्या मॅडम फायली लावत होत्या, विस्तार कार्य आणि मूल्यांच्या रकान्यात दाखवायला त्यांना कार्यक्रम कमी पडत होते, आमच्या फिजिक्सच्या सरांनी हळूच आमचा विषय काढला. त्या दिवशी दुपारी बोलावणं आलं आणि संध्याकाळच्या आत परवानगीचं पत्र हातात. बाँडचं नाव कुणी काढलं नाही, तो अजून माझ्या फायलीत कोरा करकरीत पडलाय. म्हणजे तुमच्याकडं नॅक जवळ आलं असेल तर प्राचार्यांकडं जाऊच नका, थेट आयक्यूएसीकडं जा.

पहिला कार्यक्रम लिंबातनं रक्त काढायचा केला. लॅबमधलं मिथिल ऑरेंज सुरीच्या पात्याला लावून वाळवलं, लिंबू कापलं की रस लालभडक. पुढच्या बाकावरची एक पोरगी किंचाळलीच, मग तिनंच येऊन सुरी हातात घेतली. फोटो काढताना मॅडम मागं उभ्या, जीपीएसवाला कॅमेरा लावा, अक्षांश-रेखांश आले पाहिजेत.

राहिलंच, 20 ऑगस्टला, दाभोलकर सरांच्या स्मृतिदिनाला, कार्यक्रम घ्यायचा असेल तर हॉलसाठी वेगळा अर्ज लागतो, गटाच्या परवानगीत तो येत नाही. आणि परवानगी त्या शैक्षणिक वर्षापुरतीच असते, दरवर्षी नवी काढावी लागते. अर्ज मे महिन्यातच टाइप करून ठेवा, जूनमध्ये ऑफिसात ॲडमिशनची गर्दी असते, तेव्हा ओएस सख्ख्या भावाचं पण ऐकत नाहीत.