पोटखराब, पड आणि आमचे 42 गुंठे

मी नाशिकला सिडकोत राहतो, सिन्नरकडचं रान आबा बघतात. रानाच्या वरच्या अंगाला 42 गुंठे मुरमाड माळ. दोन उन्हाळे जेसीबी लावून दगड काढले, ट्रॉल्यांनी गाळ टाकला, कांदा घेतला. पण पीककर्जाला गेलो तर बँकेने तेवढं क्षेत्र धरलंच नाही. सातबाऱ्यावर ते ‘पोटखराब’.

अर्ज केला : ‘माझी पडीक जमीन लागवडीखाली आणली आहे, नोंद व्हावी.’ तलाठी भाऊसाहेबांनी वाचून परत सरकवला. “पडीक कुठंय ही? पड म्हणजे पिकणारी जमीन, तुम्ही पेरली नाही. ही तर कागदावर पिकतच नाही.”

लहानपणी मला वाटायचं, जमिनीचं पोट बिघडलंय. खरं तर हे पोटहिस्सा, पोटकलम यांतलं पोट. गटाच्या, म्हणजे एका नंबरच्या जमिनीच्या, आतला न पिकणारा तुकडा. त्यातही दोन वर्ग. ‘अ’ म्हणजे खडक, नाला, खाण, असं शेतीला न चालणारं. ‘ब’ म्हणजे रस्ता, पाणवठा, दहनभूमी अशा सार्वजनिक कामासाठी राखलेलं. त्याला हात लावता येत नाही. 2018 साली नियम बदलला, तेव्हापासून ‘अ’ लागवडीखाली आणला तर लागवडयोग्य क्षेत्रात धरून आकारणी होते. आमचा ‘अ’ निघाला, नाहीतर सगळा गाळ पाण्यात.

अर्ज पुन्हा लिहिला. मग स्थळपाहणी. साहेबांनी कांद्याकडे बघितलंही नाही, कुदळ मागितली. वीतभर गाळ, खाली पिवळा मुरूम. पंचनाम्यावर सह्या झाल्या. कडेचा ओघळ मात्र पावसाळ्यात वाहतो म्हणून 6 गुंठे खराबातच ठेवले. आबांना ते अजून पटलेलं नाही. पुढे तहसील, प्रांत, भूमी अभिलेख. तिथलं सांगण्यासारखं काही नाही, फाईल कुठल्या टेबलावर आहे एवढंच विचारत होतो. आठ महिन्यांनी फेरफार मंजूर झाला आणि 36 गुंठे लागवडयोग्य रकान्यात आले. शेतसाऱ्याचा आकारही वाढला, थोडा.

यंदा पाऊस लांबला आणि वरचं रान पेरायचं राहिलं. आबांनी फोन माझ्या हातात दिला. ई-पीक पाहणीत, म्हणजे पिकाची नोंद करायच्या सरकारी ॲपवर, त्या तुकड्यापुढे मी ‘चालू पड’ निवडलं.