दुसरं हरीण

मोबाईल टॉवरच्या मेंटेनन्सच्या कामात नाईट कॉलचं काही विशेष नसतं. मेन सप्लाय जातो, जनरेटर आपोआप चालू व्हायला पाहिजे तो होत नाही, बॅटऱ्या उतरायला लागतात आणि कंट्रोल रूमवाला फोन करून आपली झोपमोड करतो. त्या दिवशी पावणेपाचला फोन आला. तोंडावर पाणी मारलं, टूलबॅग पाठीला लावली, निघालो. हेल्मेटचा पट्टा लावला, हे आज इतकं मोठं वाटतंय, तेव्हा नुसती सवय म्हणून लावला होता.

झाडीतला सरळ रस्ता, उजाडायला अजून अवकाश. स्पीड साधारण ६५. समोरून एक कार आली म्हणून लाईट डीपरवर घेतला, कार गेली आणि मी परत अप्पर करायला विसरलो, वर तिच्या लाईटने डोळे दिपलेले ते वेगळंच. पुढे डाव्या कडेला एक हिरवट ठिपका चमकला. एकच. मला वाटलं रिफ्लेक्टर असेल, खांबाचा. नंतर डोक्यात प्रकाश पडला की हरीण आडवं उभं असलं की त्याचा एकच डोळा आपल्याकडे असतो, दोन डोळ्यांची जोडी चमकेल म्हणून बघत बसलं तर ते दिसणारच नाही.

तर तो रिफ्लेक्टर चालायला लागला. एक हरीण टुणकन रस्ता ओलांडून गेलं, मी थ्रॉटल सोडला, सुटलो असं वाटलं, आणि त्याच सेकंदाला नजर त्या गेलेल्या हरणाच्या मागे उजवीकडे वळली. इथेच फसलो. दुसरं डावीकडून आलं आणि मधोमध येऊन थांबलं. पळालं असतं तरी चाललं असतं हो, पण त्यांचे डोळे अंधारात बघायला बनलेले, हेडलाईट तोंडावर पडला की त्यांना काही दिसतच नाही, मग ती जागच्या जागी खिळतात.

मी करकचून ब्रेक मारला हे मला पक्कं आठवतंय. पण आमच्या सुपरवायझरने नंतर उजेडात जागेचे फोटो काढले, त्यात टायर घासल्याची खूण अगदी हातभर. म्हणजे जे मी केलं म्हणून आठवतोय ते बहुतेक करायला वेळच मिळाला नव्हता. नंतर अंथरुणात पडून होतो तेव्हा हिशोब केला मी, ६५ ला गाडी सेकंदाला १८ मीटर जाते, बघून, कळून, हात ब्रेकवर आवळेपर्यंत एक-दीड सेकंद जातो आणि त्यानंतर गाडी थांबायला अजून वीस-पंचवीस मीटर. डीपरचा उजेड तेवढाच कसाबसा पोचतो.

आवाज मात्र आठवतो. धातूचा नाही, ओल्या पोत्यावर लाकूड मारल्यासारखा. पुढचं चाक त्याच्या खांद्यात गेलं, हँडल हातातून निसटलं, मग डाव्या कानापाशी डांबर खरखरत गेलं आणि एकदम शांतता.

मी उठलो. उठायला नको होतं पण उठलो, गाडी उचलायला गेलो, एका हाताने का उचलत नाहीये तेच कळेना, डावा हात नुसता लोंबत होता आणि दुखत अजिबात नव्हतं. हेल्मेट स्वतःच काढलं, त्यावरून डॉक्टरांनी झापलं, मानेला मार असू शकतो तेव्हा श्वासाचा प्रॉब्लेम नसेल तर हेल्मेटला हात लावायचा नाही म्हणे. आणि पहिला फोन कुणाला केला? कंट्रोल रूमला. "अर्ध्या तासात साईटवर पोचतो, थोडं लेट होईल." तो म्हणाला ओके.

पाचेक मिनिटांनी मागून एक ट्रक आला. ड्रायव्हर उतरला, टॉर्च मारून म्हणाला, "अहो दादा, खाली बसा आधी." मी त्याला विचारलं हरीण कुठंय. त्याने दाखवलं. परत विचारलं. असं मी आठ-दहा वेळा विचारलं म्हणे, मला दोनदाच आठवतंय. डोक्याला मार होता तो असा बाहेर येत होता.

हरीण कडेच्या चरात होतं. पुढच्या पायांवर उठायला बघायचं, परत बसायचं. मी त्याच्याकडे जायला निघालो तर ड्रायव्हरने माझ्या बॅगेचा पट्टाच धरला. बरं केलं. घाबरलेल्या हरणाच्या खुराची लाथ साधी नसते, हे एक. दुसरं वनविभागाच्या माणसाने फोनवर सांगितलं, की जखम मोठी नसली तरी नुसत्या भीतीने आणि धडपडीने त्यांच्या स्नायूंचं इतकं नुकसान होतं की काही दिवसांनीही ती मरतात, म्हणून माणसाने जवळ जायचं नाही, टॉर्च बंद करायचा, गप्प राहायचं. मग आम्ही दोघं अंधारात गप्प बसलो. तेव्हा मला थंडी भरली, दात वाजायला लागले आणि खांदा दुखायला लागला. थोडं उजाडल्यावर ते उठलं, तीन पायांवर झाडीत गेलं. वनविभागाची माणसं येऊन शोधून गेली, सापडलं नाही. जगलं की नाही माहीत नाही.

हिशोब असा: डावं कॉलर बोन तुटलं, ढोपर सोललं, डोक्याला कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा. एक दिवस अॅडमिट, नंतर सहा आठवडे स्लिंग. झोपताना कुशीवर वळणं म्हणजे काय चीज असते ते ज्याचं कॉलर बोन तुटलंय त्यालाच विचारा. गाडीचे शॉकअप वाकले, कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. इन्शुरन्सचा सर्व्हेअर म्हणाला, हरीणच होतं कशावरून? हेडलाईटच्या क्लॅम्पमध्ये केसांचा झुबका अडकला होता, तो दाखवला, गप्प झाला.

हेल्मेट बाहेरून ठीक वाटत होतं, एका बाजूला खरवडलेलं एवढंच. भाऊ म्हणाला चालेल अजून. आतला कपडा काढून बघितलं तर डाव्या बाजूचा थर्माकोल चेपून तडकला होता. तो एकदाच चेपतो, परत फुगत नाही. नवीन घेतलं, जुनं कपाटावर आहे, बायको फेकू देत नाही.

अडीच महिन्यांनी परत नाईट कॉल आला, तोच रस्ता. मी अप्परवर, चाळीसने. कडेला एक ठिपका चमकला. थांबलो. हरीण आलं, रस्त्यात उभं राहिलं, मी हेडलाईट डीपर केला, ते गेलं. मी इंजिन चालू ठेवून दुसऱ्याची वाट बघत बसलो. दोन मिनिटं झाली, तीन झाली, कुणीच आलं नाही. कंट्रोल रूमचा फोन, "कुठे पोचलास रे?" म्हटलं, रस्त्यातच आहे, होईल थोडा लेट.