गाविलगडाचे वय विचारले तेव्हा

आमचे शेत अंजनगाव तालुक्याच्या दक्षिण टोकाला, खारपाणपट्ट्यात आहे. हिवाळ्यात धुके निवळले की उत्तरेला गाविलगडाची रांग भिंतीसारखी उभी दिसते. यवतमाळकडून आलेल्या काकांनी तुरीच्या बांधावर बसून विचारले, "हा पहाड कवाचा हाये?" मी सवयीने "सहा कोटी साठ लाख वर्षांचा" असे सांगून मोकळा झालो, रात्री लक्षात आले की ते वय पहाडाचे नव्हे, त्यातल्या दगडाचे होते.

दगडाचे वय काढण्याची रीत मला फार देखणी वाटते. पोटॅशियम-४० या किरणोत्सारी अणूंचे अर्धायुष्य, म्हणजे त्यांतले निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षे आहे आणि विघटन होणाऱ्या दर शंभरांपैकी साधारण अकरांचा आर्गॉन वायू होतो. वितळलेल्या लाव्ह्यातून हा वायू निसटतो, लाव्हा थिजल्यावर मात्र स्फटिकांत कोंडला जातो, म्हणून साठलेल्या आर्गॉनवरून थिजण्याचा काळ मोजता येतो. अडचण अशी की लाव्हा थिजून झालेल्या आपल्या काळ्या दगडात पोटॅशियम मुळातच थोडे, आणि विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तशा पाणी मुरलेल्या, पांढऱ्या खड्यांनी भरलेल्या थरांतून आर्गॉन केव्हाच निघून गेलेला असतो. त्यामुळे संशोधक ताजा, न कुजलेला दगड निवडतात, किंवा दोन थरांमधल्या तांबड्या मातीत सापडणारे झिरकॉन या खनिजाचे कण वेचून त्यांतील युरेनियम आणि त्यापासून बनलेले शिसे मोजतात. सह्याद्रीतल्या अशा कणांवरून २०१५ साली असे मांडले गेले की लाव्ह्याचा मुख्य भर डायनोसॉर नष्ट होण्याच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू झाला आणि साडेसात लाख वर्षांच्या आसपास टिकला.

पहाडाचे वय मात्र तो ज्या विभंगामुळे उभा राहिला त्यावरून ठरते, आणि विभंगात, म्हणजे पृथ्वीचे कवच तुटून सरकले त्या भेगेत, असे घड्याळ सहसा सापडत नाही. तिचे वय दोन्ही बाजूंनी कोंडीत पकडावे लागते: ज्या थराला तिने कापले त्यानंतरची, आणि जो थर तिच्यावर अखंड पसरला त्याआधीची. कवच ताणले जात असतानाच ज्वालामुखी जागा असेल तर हे काम सोपे होते. अमेरिकेतल्या नेवाडाच्या डोंगररांगांत ज्वालामुखीच्या राखेचे जुने थर तीव्र कललेले आणि त्यांच्यावरचे नवे जवळपास आडवे अशी स्थिती काही ठिकाणी दिसते. दोन्ही थरांची वये काढली की जमीन त्या दरम्यान ताणली जाऊन कलली, हे समजते. धुळे-नंदुरबारकडे लाव्ह्याने भरलेल्या उभ्या भेगांच्या रांगा पूर्व-पश्चिमेच्या आसपास धावतात, त्यावरून त्या भरल्या तेव्हा ताण साधारण उत्तर-दक्षिण होता, असे म्हणता येते.

गाविलगड इतका सोयीचा नाही. चिखलदऱ्याचे थर बहुतांशी आडवेच आहेत, म्हणून कलण्यावरून काही हाती लागत नाही. मोर्शीजवळच्या सालबर्डीला तर गाविलगडाच्या याच विभंगाच्या पट्ट्यात लाव्ह्याहून पुष्कळ जुने खडक वर आलेले दिसतात आणि गरम पाण्याचा झरा आहे. जुनीच भेग पुन्हा हलली असावी, हे मत मला त्यामुळे पटते. एवढे नक्की की लाव्हा थिजल्यानंतर दक्षिणेकडची बाजू खचली आणि त्या खोलगट भागात पूर्णेचा गाळ साचत गेला, काही ठिकाणी ३०० मीटरहून अधिक.

दुसऱ्या दिवशी काकांना विहिरीपाशी नेले. त्यांच्याकडे दहा-पंधरा फुटांवर काळा दगड लागतो आणि सुरुंगाशिवाय काम पुढे सरकत नाही. आमच्या आजोबांनी साठ फूट खणले, तरी पिवळी मातीच निघत राहिली आणि शेवटी लागले ते पाणी खारट. काकांनी पोहऱ्यातले पाणी चाखून थुंकले आणि काळा दगड गेला कुठे, असे विचारले. मी उत्तरेकडे बोट दाखवून म्हणालो, "काका, तो तिथे वर राहिला, आपल्याकडचा खाली गेला. केव्हा गेला, ते मात्र त्या सहा कोटी साठ लाखांत येत नाही."