भोपळ्याचे साडेतीनशे

आमच्या चर्चच्या मंडळीच्या कापणीच्या सणाला लिलावाची वही माझ्याकडे असते. यंदा धरून एकोणीस वर्षं झाली. जिल्हा परिषदेत हिशेबाच्या टेबलावर नोकरी केली होती, त्यामुळे 'बाईंचं अक्षर बरं आहे, त्यांनाच द्या' एवढ्यावर ती गळ्यात पडली. आता कुणी मागितली तरी मी द्यायची नाही.

आम्ही नगरकडचे. कागदावर अहिल्यानगर झालं, तोंडात अजून नगरच येतं. मंडळी मूळची अमेरिकन मराठी मिशनची, १९७० पासून सी.एन.आय.ची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. मिशन गेलं, पण ऊठसूट हात वर करून मतं मोजायची मिशनची खोड काही गेली नाही. मंडपाला कापड कुठल्या रंगाचं लावायचं यावरही आमच्याकडे मतदान झालेलं आहे आणि ते बरोबरीत सुटलेलं आहे.

सण नोव्हेंबरात, बाजरी घरात आली की. सकाळच्या उपासनेबद्दल फार लिहीत नाही. पाहुणे पाळक येतात, बायबलातल्या निर्गमातला कापणीचा सण काढतात, आणि इंग्लंडात कॉर्नवॉलकडच्या मॉर्वेनस्टो गावी हॉकर नावाच्या पाळकसाहेबांनी १८४३ साली या सणाला आजचं रूप कसं दिलं तेही सांगतात. पाहुणे बदलतात, हॉकरसाहेब बदलत नाहीत. मग अर्पण, मग सेक्रेटरींचा अहवाल. या सगळ्याला माणसं असतात साठ. जेवणाला एकशे ऐंशी. मी मोजते, कारण पानं मोजायचं कामही माझ्याचकडे आहे. पुण्या-पिंपरीला स्थायिक झालेल्या आमच्या मुलांच्या गाड्या बरोबर शेवटच्या आशीर्वादाच्या वेळी दारात लागतात, आणि उतरल्यावर पहिलं वाक्य काय, तर 'साउंड अजून तोच आहे का?' यंदा तरी अकराला या बाबांनो.

तर लिलाव. वेदीपुढं सकाळी मांडलेलं सगळं दुपारी बाहेर येतं. ऊस, भोपळे, कणसं, लोणच्याच्या बरण्या, कोंबड्या, एखादं बोकड, महिला मंडळाचा केक. लिलाव पुकारायचे आमचे मास्तर. झेडपीच्या शाळेतून निवृत्त, अंगाने काडी, अंगात तोच तो खाकी सुती कोट, आणि तोंडावर हसू म्हणून नाही. आम्ही पोट धरून हसत असू आणि ते हजेरी घेत असल्यासारखे उभे. कोंबडा हातात घेतला की म्हणायचे, "पेत्राच्या कोंबड्याचा वंश आहे. पास्टरेट कमिटीत नाव सुचवल्यावर ज्यांनी तीनदा नाकारलं, त्यांनी बोली लावू नये, रात्री झोप लागणार नाही." (बायबलात कोंबडा आरवण्याआधी पेत्र येशूला तीनदा नाकारतो, आणि पास्टरेट कमिटी म्हणजे मंडळीचा कारभार बघणारी.) त्या वर्षी तीन वेळा नाकारलेले दोघेजण समोरच बसले होते. कोंबडा त्यांच्यातल्याच एकाने आठशेला घेतला.

एका वर्षी कमिटीत नारळावरून पेटलं. पाहुण्यांना शाल-नारळ द्यायचा की शाल-गुच्छ? एक बाजू म्हणाली, नारळ आपला नव्हे. दुसरी म्हणाली, मग सोलकढी कुणाची? (नगरात सोलकढी कोण करतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.) शेवटी गुच्छ दिला आणि आणलेला नारळ लिलावात आला. मास्तरांनी तो कानाशी हलवून बघितला. "कमिटीत अर्धा तास आपटला तरी न फुटलेला नारळ! बोला, कोण फोडतंय?" नारळाच्या विरोधात सगळ्यात मोठ्याने बोललेले काकाच उभे राहिले. दोनशे एक. त्यांच्या घरी त्या रविवारी नारळाची वडी झाली, मी खाल्ली आहे.

पण माझं मन अडकतं ते दुसऱ्याच एका वस्तूपाशी. वेशीजवळ राहणाऱ्या आमच्या एक मावशी आहेत. स्वतःचं शेत नाही, लोकांच्या रानात खुडणीला जातात. त्या दरवर्षी बाजरी आणतात, रुमालात बांधून, शेर-दीड शेर. सरव्याची. खुडणी झाल्यावर रानात राहिलेली कणसं वेचून काढलेली. मास्तर ते गाठोडं न सोडता वर धरायचे आणि एवढंच म्हणायचे, "बवाजांनो, बसून काय राहिलात?"

बायबलातल्या रूथची, बवाजाच्या शेतात सरवा वेचणारीची, गोष्ट लहानपणापासून ऐकलेली माणसं ती. कुणाला काही समजावून सांगावं लागायचं नाही. बोली शंभरावरून सुरू व्हायची आणि थांबायची ती बाराशे-पंधराशेला. घेणारा परत लिलावात टाकायचा, दुसरा घ्यायचा, तो परत टाकायचा. मावशी पदर तोंडाला लावून हसत बसायच्या. "येडी झाली का रे माणसं, बाजारात चाळीसला मिळती," म्हणायच्या. मी मान खाली घालून लिहीत राहायचे. त्या पानांवरचं अक्षर बरं नाही.

वही चाळताना खूप उशिरा माझ्या ध्यानात आलं. मावशींचं गाठोडं कुठल्याही वर्षी पहिल्या पाचांत नाही, शेवटच्या पाचांतही नाही. ते नेहमी बोकडाच्या मागोमाग. बोकडाला बोली चढते, माणसं तापतात, एकमेकांवर ईर्ष्येला येतात, आणि त्याच तापात मास्तर गाठोडं वर धरतात. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, "हाताला लागेल ते उचलतो बाई." खोटं बोलले. चर्चमध्ये उभं राहून.

जेवणं झाली की वादविवाद. हा मुळात डुलक्या मोडायला सुरू केलेला कार्यक्रम. चपला चर्चच्या बाहेर की आत, यावर दोन वर्षं झाला. एका बाजूला मोशेचं जळतं झुडूप, जिथं देवानं त्याला जोडे काढायला सांगितले, दुसऱ्या बाजूला मागच्या नाताळात चोरीला गेलेले नवे बूट. नवरीला पांढरी साडी की गाऊन, यावर झाला तेव्हा नवऱ्यामुलांना कुणी काही विचारलंच नाही. भेटल्यावर 'सलाम' म्हणायचं, 'जय ख्रिस्त' म्हणायचं की तरुण संघाचं 'प्रेज द लॉर्ड', हा वाद तर मावशींनीच संपवला. "फोन उचलून हॅलो म्हनता, तवा कुनाला इचारता?"

सगळ्यात रंगला तो पेटी-तबला विरुद्ध गिटार-ड्रम. पेटीकडून आमचे पेटीवाले भाऊ. त्यांचा मुद्दा जोरदार होता. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी याच नगरात बसून अभंग आणि भजनं लिहिली, ख्रिस्ताला मराठी बोलायला लावलं, आणि आपण आता परत विलायतेला निघालो का? टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या. मग समोरून तरुण संघातली गिटार वाजवणारी मुलगी उठली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. म्हणाली, "टिळकांच्या आधी इथं विलायती चालींवरची भाषांतरं गात होते ना? मग तेव्हा नवीन कोण होतं, काका?" आणि पुढं, "तुमची पेटी पॅरिसहून आली. परकी म्हणून ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली तिच्यावर बंदी घातली होती, तीस वर्षं उठली नाही." भाऊंनी हातातल्या पेटीकडे असं बघितलं, की घरच्या माणसाचं जुनं लफडं आज कळलंय.

दोन्ही बाजूंनी स्तोत्र दीडशे वाचलं. भाऊंना त्यात डफ आणि झांजा सापडल्या, तिला तंतुवाद्यं. पाळकसाहेबांनी शेवटी करिंथकरांस पत्रातलं 'सर्व काही शिस्तवार होऊ द्या' वाचलं, तेवढ्यात ड्रमची थाळी स्टँडवरून खाली पडली. मतदान? बरोबरीत. तेव्हापासून पहिला आणि तिसरा रविवार पेटीचा, दुसरा आणि चौथा गिटारचा. पाचवा रविवार आला की दोघंही वाजवतात आणि कुणालाच काही ऐकू येत नाही.

आता मदत करणाऱ्यांबद्दल. नावं घेत नाही. सात वर्षांपूर्वी अहवालात नावं छापली, एक राहिलं, आणि त्या घरातलं माणूस दोन पावसाळे माझ्याशी बोललं नाही. म्हणून कामं सांगते, ज्याचं त्यानं ओळखावं. सतरंज्या आणून परत नेणारे (परत नेणारे जास्त महत्त्वाचे). आदल्या रात्री बाजरीची ताटं वेदीला बांधणारी तिघं भावंडं. केकसाठी भट्टी फुकट देणारे बेकरीवाले काका. मटणाच्या पातेल्यापाशी पहाटे चारपासून उभे राहणारे दोघे, आणि मटण न खाणाऱ्यांसाठी वेगळ्या चुलीवर आमटी करणाऱ्या वहिनी. कोंबड्या पळाल्यावर धरून आणणारी संडे स्कूलची पोरं. जनरेटरवाला, जो आपल्या मंडळीचा नाही, मारुतीच्या देवळामागं राहतो आणि भाडं निम्मंच घेतो. हात धुवायला पाणी घालणाऱ्या आजी. मंडप उतरवताना पाय मुरगळलेला मुलगा. चहावाली बाई, तिला मी मागच्या वेळी विसरले होते, या वेळी नाही. खजिनदार, जे रात्री दहापर्यंत माझ्याबरोबर नोटा मोजतात आणि दरवेळी दहा रुपयांनी चुकतात. अजून कुणी राहिलं असेल तर मला थेट सांगावं, माझ्या मुलीला सांगू नये.

मागच्या वर्षी मास्तरांचा आवाज बसला. घशाचं दुखणं, डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून बजावलेलं. मला वाटलं, संपलं. पण माइक त्या गिटारवाल्या मुलीनं घेतला, आणि मास्तर शेजारी खुर्ची टाकून बसले. वस्तू उचलून तिच्या हातात द्यायचं काम त्यांचं. भोपळा, ऊस, लोणचं, केक. तिला आपलं वाटत होतं की म्हातारा जवळचं आहे ते उचलतोय. बोकड गेलं साडेनऊ हजाराला, आणि मास्तरांनी वाकून रुमालाचं गाठोडं तिच्या हातात ठेवलं.

ती क्षणभर थांबली. मी पेन धरून. पेटीवाले भाऊ पहिल्या रांगेत सरळ होऊन बसले.

"बवाजांनो," ती म्हणाली, "बसून काय राहिलात? यूपीआय पण चालतं!"

मास्तर हसले. अठरा वर्षांत मी पहिल्यांदा त्यांचे दात बघितले. वरचे दोन नाहीत. बाजरी एकवीसशेला गेली, तीनदा विकून. मावशींनी विचारलं, "यूपीआय कोन? नवे पाळक का?"

तर आता क्यूआर कोड वहीच्या पहिल्याच पानावर चिकटवलाय. म्हणून इथं लिहिते. तीन वर्षांपूर्वी एक मोठा तांबडा भोपळा साडेतीनशेला गेला, पांढऱ्या गाडीच्या डिकीत बसला, आणि गाडी पुण्याच्या दिशेनं गेली. पैसे वहीत अजून 'येणे'मध्ये आहेत. ज्यांचे आहेत त्यांना ठाऊक आहे. भोपळा कसा निघाला तेही कळवावं.